काचांची ओढणी

मंगरूळपीर, डिसेंबर १९५७

प्रिय हेमसिंग,

नगरकडच्या ऊसतोडीत तुझी कंबर शाबूत असेल, अशी आशा. तुरुंगानं तुला अक्षरं शिकवली, तेव्हा हे स्वतःच वाच. माझी वांगी यंदा बरी आली. टोपली घेऊन आगगाडीनं बाजार गाठणाऱ्या तुझ्या दोस्ताची आता भाजीची आडत आहे, पण सवय तीच, कान उघडे ठेवायची.

सव्वीस जानेवारीला अनसिंगच्या शाळेत स्वातंत्र्यासाठी झटलेल्यांच्या नावांचा दगड बसणार आहे. काल त्याची बैठक झाली. तुझं नाव निघालं तसे जुने हेडमास्तर म्हणाले, "सत्याग्रही वेगळा. यानं बेचाळीसमधी रूळ उखडले. हा दहशतवादी." मी म्हटलं, "गुरुजी, हा शब्द इंग्रजाच्या कोर्टाचा. तो गेला, शब्द आपण कायले सांभाळून राह्यलो?"

"गाडीत माणसं होती, भगवंतराव."

मी खाली बसलो. कारण त्या सकाळी गाडीत मीच होतो, टोपल्यांना टेकून. तुझ्यासमोर हे कधी काढलं नाही. दोस्ती मोडायची नव्हती. एवढंच आठवत होतं, की वळणावर काचा चमकल्या, बंजारा तांड्यातली कुणी बाई काचा जडवलेली ओढणी फडकवत रुळांतून पळत आली. "थांब रे बाबा, थांब!" गाडी थांबली, बाई ज्वारीत गडप. पुढं रूळ नव्हते. चेहरा दिसला नाही, आवाज मात्र कानात राहिला.

काल तोच आवाज मागून आला. "थांबा जी, नाव खोडू नका." एरवी पदराआडून हळू बोलणारी तुझी कारभारीण, रुपावहिनी, उभी होती. मी खोदून विचारलं, तेव्हा बोलली. तूच तिला ओढणी देऊन वळणावर धाडलं होतंस. कोर्टात सांगतास तर शिक्षा घटली असती, पण तीही आत गेली असती. तू दहशतवादी म्हणवून घेणं पत्करलंस.

मग मीही उभा राहून माझं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "रूळ उखडणं मले आजही पटत नाही. पण नाव राहू द्या." मनातलं तोंडावर बोलणारा माणूस, मला आवडला.

हेमसिंग, गिरजाबाईशी लग्न, दोन पोरी, ही आडत, सगळं त्या सकाळनंतरचं आहे. तुमच्या दोघांमुळं आहे. तुझ्या नावाखाली वहिनीचंही नाव कोरावं म्हणून पाथरवटाला जागा सोडायला लावली आहे. ती मात्र हसून म्हणते, "त्यानं पंधरा वर्सं लपवलं, त्यालेच पुसा." म्हणून हे पत्र. हो म्हण.

त्या गाडीतून पायी घरी आलेला, तुझाच
भगवंतराव