घासाचं विरजण

वाशी,
११ डिसेंबर १९८३

प्रिय दिलीप,

दोन वर्षांनी ताईचं अक्षर बघून म्हणशील, आली जमिनीची कटकट! जमिनीचंच आहे बाबा, पण आधी ऐकून तर घे.

हे मस्कतला गेल्यापासून या घरात मी आणि रेडिओ. दिवसभरात बोलायला येते ती एक दूधवाली सखू. तिची शेतं नव्या शहरात गेली, उरली एक म्हैस. चारा आणणार कुठून? मी फुशारकी मारली, मी फलटणची, घरामागच्या पट्ट्यात लसूणघास करून देते! बियाण्याबरोबर जिवाणूंचं पाकीट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळलं. आणि मग काय केलं असेल मी? पापड वाळवावेत तसं सगळं गच्चीवर कडक उन्हात पसरलं. सावलीत वाळवायचं असतं रे! जिवाणू बिचारे भाजून मेले.

घास उगवला, पण वीतभर होऊन थांबला. सखू म्हणाली, "ताई, पिवला परलाय तुमचा घास." उपटून बघितला तर मुळांवर एक गाठ नाही. आप्पा आपल्याला गाठी नखानं फोडून दाखवायचे, आत गुलाबी. त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला भरवतात, रोप त्यांना साखर देतं. इथली माती म्हणजे डोंगर फोडून आणलेला भराव, त्यात हे जिवाणू कुठले? नव्या तुकड्यात घास करताना आप्पा जुन्या घासातली पाटीभर माती आणून टाकायचे. विरजण म्हणायचे त्याला.

भाऊबीजेला यंदाही चंद्राला ओवाळलं. शेजारणीला सांगितलं, भावाला रजा नाही. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

आता खरं सांगते. जिवाणूंचं दुसरं पाकीट इथे मिळतं. तरी मला आपल्या विहिरीजवळच्या घासातली पाटीभर माती हवी आहे, आणि ती तूच घेऊन यायला हवास. हक्कसोडीवर मी सही केली नाही, तेव्हा तू म्हणालास, ताईला लोभ सुटला. लोभ कसला, भीती होती! आप्पांमागोमाग आईही गेलेली. वाटलं, एकदा सही दिली की मला माहेरी कोण कशाला बोलावेल? म्हणून कागद अडवून बसले, आणि त्यापायीच तुला गमावलं. येताना तो कागदही आण. मी सही करते. फक्त त्यानंतरही येत जा.

तुझीच,
नंदाताई