हरसूलच्या सारख्या ओळी

२२ सप्टें. ८६, सोम.
साहेबांनी आज वत्सला गायकवाडला सगळ्यांसमोर झापलं. आमच्या पोषण पाहणीसाठी हरसूलकडच्या पाड्यांवर मुलांची वजनं-उंच्या घेते ती. आरोप असा, की एका पोराचे आकडे दुसऱ्याच्या नावावर उतरवले. पुरावा म्हणजे साहेबांचा स्वतःचा प्रोग्राम. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, बाई." तिची बाजू आमच्यापैकी कोणीच घेतली नाही. शेळपट सगळे.

२३ सप्टें.
प्रोग्राम वाचला. धन्य. वजन आणि उंचीची बेरीज करतो, बेरीज जुळली की दोन्ही ओळी सारख्या. चौदा किलो-पंचाण्णव सेंमी आणि पंधरा किलो-चौऱ्याण्णव सेंमी, साहेबांच्या लेखी एकच पोर. आणि हा गृहस्थ संख्याशास्त्राचा डॉक्टर. खुर्ची मिळाली की वाचायची गरज उरत नाही बहुतेक.

२५ सप्टें.
माझा प्रोग्राम लिहिला. वय, वजन, उंची, दंडाचा घेर, प्रत्येक रकाना वेगळा ताडायचा. साहेबांच्या जोड्या धडाधड गळाल्या. एकच उरली. एकाच पाड्यावरच्या दोन मुली, कमळी आणि बनी. सगळे रकाने सारखे.
साहेब खूश. "एक सापडली ना? मग झालं." गळालेल्या जोड्यांबद्दल चकार शब्द नाही. सोमवारी वत्सलाला काढायचं म्हणतात.

२६ सप्टें., शुक्र.
वत्सलाला बाजूला घेऊन विचारलं, उतरवलंस का?
"तुम्ही पण तेच विचारता, मॅडम? दोन पोरी सारख्या भरल्या, त्याला मी काय करू?"
म्हटलं, परत मोजू.
"मोजा. पण पावसाळ्याआधीचे आकडे आहेत ते. पोरी वाढल्या असतील. मग नाही जुळलं तर खोटं कोण?"
हे मला आधी सुचायला हवं होतं. साहेबांना हसत बसले होते.

२८ सप्टें., रवि.
एसटीने हरसूल, पुढे पायी. वत्सला बरोबर, पण वाटभर चार पावलं पुढेच. कमळी भेटली. वजन वाढलंय, उंचीही. बनीच्या घरी फक्त आजी. बाकी सगळे दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला गेलेत, पोरीसकट. कधी येणार?
"काम सरंल तवा."
वत्सला मोजपट्टी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या साहेबांना काय सांगणार?"
मी पिशवीत काटा भरत राहिले. परतीची गाडी उशिरा आली. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.