गच्चीवरचा पडदा

४ ऑक्टोबर, शनिवार

पडदा निकामी झाला. प्रयोगशाळेतल्या उषाबाईंनी दोनदा मोजून खात्री केली. आमच्या लेकीने, मोनिकाने, मला फोनवर सांगितलं, तीन वाक्यांत.

चार महिने तो आमच्या धावडा गावातल्या घराच्या गच्चीवर, तिच्या संशोधनाच्या अँटेनावर ताणलेला होता. केसाहून कितीतरी बारीक प्लॅस्टिकचे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे एकावर एक. आत बहुतेक हवाच. म्हणून मोबाइलच्या नव्या, वेगवान लहरी त्यातून वाया न जाता पार होतात. भिजला की संपलं! पण तो भिजायचाच नाही. सप्टेंबरात आभाळ फाटलं, तरी थेंब नुसते घरंगळत खाली. शेजारचे रखमाजी म्हणायचे, "पोरीला म्हणा, आधी याच्या छत्र्या शीव!"

अख्खा पावसाळा काढला आणि शेवटच्या आठवड्यात गेला. काल तिचा सहकारी करण तो काढून घेऊन गेला, तेव्हा मधोमध लाल, तेलकट डाग होता. तेल धाग्यांत मुरलं, हवा गेली.

५ ऑक्टोबर

मोनिका फोनवर आईवर, वंदनावर, तुटून पडली. "खंडेनवमीची पूजा केली ना तू? घरात दुसरं कोण करतं?"

वंदना एवढंच म्हणाली, "मी वर गेल्तेच न्हाई गं." मग फोन ठेवला आणि शिवणयंत्रावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसून काढलं. चारच दिवस झाले होते लावून.

६ ऑक्टोबर, सोमवार

तिच्या सरांनी सांगितलं — पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळणार नाही. प्रबंध डिसेंबरात. दुसरा पडदा बाहेर ठेवलेलाच नव्हता. चार वर्षं! मोनिका रडली नाही. रडली असती तर बरं.

७ ऑक्टोबर

वंदना जेवली नाही. "माझ्याच पोरीचं वाटोळं मी करीन का हो?"

नाही, म्हणालो. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. तीस वर्षं पेपरात काढली, एक बातमी उशिरा दिली नाही.

८ ऑक्टोबर

लिहवत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डाग माझा. खंडेनवमीला वंदना खाली यंत्र पुजत होती. माझा कॅमेरा पुजून झाला आणि वाटलं, पोरीचं हत्यार तेवढं कोरडं का? वर गेलो. पाण्यातलं कुंकू टिकेचना — थेंब झाला, घरंगळला. तीनदा! म्हणून तेलात कालवलं. ते बराबर बसलं.

वंदना चहा टाकून राह्यली आहे. आधी तिला सांगतो. उद्या साडेदहाच्या गाडीने मोनिका अँटेना उतरवायला येईल. तिला फाट्यावरच गाठून सांगणार, घरी पोचायच्या आत.