बाईसाहेबांना बास्केटची गोडी

१० मार्च, मंगळवार
महिनाअखेरपर्यंत रजा मंजूर. साहेब म्हणाले, खुशाल जा, तुमच्यावाचून इथे काही अडत नाही. साहेबांचं कौतुकही तिरकंच असतं.

संध्याकाळी मुलीचा फोन. नोकरीच्या गावी मांजर चालेल असा फ्लॅट मिळालाय. बावीसला, रविवारी येऊन बाईसाहेबांना घेऊन जाईन म्हणाली. तुम्हाला चालेल ना, असंही विचारलं. म्हटलं, मला काय, घरातले केस तरी कमी होतील. बाईसाहेब ही मांजर मूळची तिची, कबूल. पण ती गेल्यापासून सांभाळलं कोणी? (बायकोनं. पण देखरेख माझी.)

११ मार्च
प्लॅन तयार. जवळच्या बागेतली झाडं गुलाबी फुलांनी लगडलीत. मुलगी आली की त्या रविवारी सगळ्यांनी तिकडे जायचं. बाईसाहेब फुलांखाली लोळतील, मुलीचं मन विरघळेल, आणि ती आपणहून म्हणेल, राहू दे बाबा, ही इथेच सुखी आहे. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं.

अडचण एकच. तिला न्यायची दाराची बास्केट दिसली की बाईसाहेब कपाटावर. मागे डॉक्टरकडे नेताना तिघं लागलो होतो, त्यातल्या कंपाउंडरला बँडेज. तर उद्यापासून तिला बास्केटची गोडी लावायची.

१२ मार्च
बास्केटमध्ये माशाचा तुकडा ठेवून समोर बसलो. बाईसाहेब कितीतरी वेळ माझ्याकडे एकटक बघत होत्या. डोळ्यांत नुसती माया. बायको म्हणाली, तुमच्या मागे भिंतीवर पाल आहे. हिला कोणाचं प्रेम म्हणून बघवत नाही.

१४ मार्च
रोज पहाटे उठून बाल्कनीतून वसंत बघायचा, असं ठरवलं होतं. उठलो साडेनऊला. बाईसाहेब पायांवर झोपल्या होत्या, त्यांना हलवणं माणुसकीला धरून नव्हतं.

१५ मार्च
आत घाबरण्यासारखं काही नाही हे दाखवायला स्वतःचं डोकं बास्केटमध्ये घातलं. गेलं सहज. बाहेर येईना. बायकोनं कानांना तेल लावून काढलं. हसणं आवरून काढलं असतं तर लवकर निघालं असतं. बाईसाहेब कपाटावरून सगळं नीट बघत होत्या. शिकताहेत.

१७ मार्च
फत्ते. बाईसाहेब आत. मासा संपला तरी बाहेर येईनात. दुपारपासून बास्केटचं दार वाजलं तरी धावत येतात. बायकोनं विचारलं, अहो, आपण तिला काय शिकवतोय हे कळतंय ना तुम्हाला? म्हटलं, तुला निसर्गाची आवडच नाही. ती भाजी चिरत राहिली.

१९ मार्च
बागेत रंगीत तालीम. वर सगळं गुलाबी. बाईसाहेबांनी फुलांकडे पाठ केली आणि बास्केटमध्येच झोपल्या. मी शेजारी बाकावर. एक पाकळी तिच्या कानावर पडली, तिनं कान झटकला, पुन्हा झोपली. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत ऑफिसात असं कधी वाटलं नव्हतं. रविवारी मुलीला हेच दाखवायचं.

२१ मार्च
काल दिवसभर वारा. आज बागेत गेलो तर झाडं बोडकी, झाडूवाला पाकळ्या गाडीत भरत होता. बाईसाहेबही बरोबर होत्या, त्यांना काही फरक पडला नाही.

हरकत नाही. माझ्या हातची बास्केट वेगळी, मुलीच्या हातात ती बघून बाईसाहेब कपाटावर जातीलच. मुलगी दमेल आणि नाद सोडेल. निर्धास्त झोपतो.

२२ मार्च, रविवार
मुलगी आली. बागेत चल म्हटलं तर म्हणाली, येताना बघितली, नुसत्या काड्या आहेत. ओरखडे नकोत म्हणून जाड हातमोजे आणले होते. बास्केट खोलीच्या मधोमध ठेवली. मी कपाटाकडे बघत होतो. बाईसाहेब शेपटी वर करून आल्या, आत गेल्या, वळल्या आणि बसल्या.

मुलगी म्हणाली, बाबा, कमाल केलीत, मला वाटलं होतं तुम्हीच तिला सोडणार नाही. मग मी तिला माझी पद्धत समजावून सांगितली. मासा आधी द्यायचा नाही, आत बसल्यावर द्यायचा, हेसुद्धा सांगितलं. दारात थांबून तिनं परत विचारलं, खरंच नेऊ ना? म्हटलं, ने की, त्यात काय विचारायचं.

गाडी गेल्यावर बायको म्हणाली, एकदा नाही म्हणाला असतात तर ठेवली असती तिनं. म्हटलं, मला कोणी नीट विचारलंच नाही. तिचेही डोळे लाल होते.

जेवण गेलं नाही. रजा अजून आठवडाभर आहे. उद्या साहेबांना फोन करून विचारतो, रद्द करता येते का.