फ्रीजमधली सवत

४ जून
पन्नाशी उलटल्यावर मी नांदायला आलो. दोन ट्रंका आणि फाटका संस्कृत शब्दकोश घेऊन नवरदेवच बायकोच्या घरी दाखल! घर झकास आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, तिच्याखाली मला टेबल. वर्तमानपत्राला बातमीपत्रं तिथूनच धाडायची. बायको जंतुशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा रस्त्यापलीकडे. मेव्हणी तिथेच तंत्रज्ञ. तिने दारातच बजावलं, "भाऊजी, सांभाळा हं. ताईला आधीचीच लेकरं लाखांनी आहेत. सगळी बाटलीत."

९ जून
हिचं काम समजून घेतलं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण सोलवटतं, वायरवरचं रबर निघावं तसं. मग बोटं बधिर, पाय जड, एकाचे दोन दिसतात. आतड्यातल्या एका जंतूचं विष मेंदूचं दार उघडून देत असेल, असा हिचा संशय. सिद्ध काही नाही, हे ती दर घासाला सांगते. त्या जंतूंविषयी मात्र इतक्या मायेने बोलते, की भाजीत मीठ नाही हे सांगायचं राहून गेलं. सपत्न म्हणजे वैरी, शब्द सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून आलेला, हे पाठशाळेत घोकलं होतं. अर्थ आता कळतो. माझी सवत प्राणवायूशिवायही जगते.

२० जून
निरोगी माणसांचे नमुने कमी पडले. नवरा असतो कशाला? डबी भरून दिली. प्रेमात लोक फुलं देतात म्हणे.

२७ जून
माझ्यात तो जंतू निघाला! ही धावत आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. लग्नातसुद्धा अशी हसली नव्हती. मला त्रास काहीच नाही, तरी रोज बोटांना सुई टोचून विचारते, "कळतं का?" डोळ्यांत टॉर्च मारून खोल बघते. इतकं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

१५ जुलै
औषधाने जंतू गेला. "छान झालं," म्हणाली आणि वाचायला बसली. टॉर्च खणात.

२२ जुलै
नवा आला. शिंपी. त्याचा पाय बधिर, आणि त्याच्या जंतूचं विष माझ्याहून जहाल. "काय जोर आहे हो त्याच्यात!" असं ही मला सांगते! मला! मेव्हणी म्हणाली, शिंप्याच्या आतड्यावर जळणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

२५ जुलै
कामाचं घरी आणायचं नाही, हा हिचाच नियम. आज दुधाशेजारी बाटली. चिठ्ठीवर 'शिंपी'. तिकडचा फ्रीज बिघडलाय म्हणे. हात लावू नका म्हणाली. दोनदा म्हणाली.

२६ जुलै
लावला. खारट होतं.

११ ऑगस्ट
आज सुई टोचलेली कळली नाही. टॉर्च खणाबाहेर. किती वेळ हात धरून बसली होती— मी औषध मागितलं नाही. तिनेही काढलं नाही.

१९ ऑगस्ट
दोन खिडक्या. दोन बायका— दोघी माझ्याकडेच बघतात. मेव्हणी रडत होती. इस्पितळात न्या म्हणाली. ताई म्हणाली, थोडं बघू अजून. जाताना मेव्हणी माझ्या कानाशी— तिकडचा फ्रीज कधी बिघडलाच नव्हता—

२३ ऑगस्ट
पेन निसटतं. शिंपी बरा होऊन गेला. आता मी एकटाच— जिंकलो.

२४
फ्रीजमध्ये नवी बाटली. चिठ्ठीवर माझं नाव. झाकण आधीच सैल करून ठेवलंय— बोटांत जोर नाही, हे तिला—
दारात उभी आहे. टॉर्च घेऊन. हसते— अगदी तश्शीच—
मी हात पुढे