लीलाबाईंच्या घराची चतुःसीमा

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा कासार आंबोलीला! आधी वाघोलीचं हॉटेल सोडलं, मग चाकणचं गोदाम. आई फोनवर म्हणाली, आता तरी टिक बाबा कुठं. इथं टिकेन असं वाटतं. बंगला राखायचा, झाडांना पाणी घालायचं. साहेब शनिवारी येणार, बाकी दिवस मीच राजा. गेटजवळ मला एक खोली दिलीय. जेवण शेजारच्या लीलाबाईंकडं. पहिल्याच घासाला मला ठसका लागला, तर म्हणाल्या, परभणीचा म्हनवतोस आन् एवढ्या मिरचीला रडतूस व्हय? त्यांचे नवरे नथूतात्या हसून हसून खोकायला लागले.

६ फेब्रुवारी
दुपारी काम नसतं. मोबाइलवर 'मोजणीवाला' पुन्हा पहिल्यापासून वाचला. अशी चित्रकथा दुसरी नाही. धरणाच्या पाण्यातून एक ओला माणूस साखळी घेऊन वर येतो आणि घर मोजतो. मोजलं की घर कमी भरतं. जेवढं कमी, तेवढं पाण्याखालच्या गावात उभं राहतं. पण घराची चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांना काय आहे ते, कुणी सांगितल्याशिवाय त्याला तिथं पाऊल टाकता येत नाही. आमच्या ग्रुपवर सगळे त्याच्यावर स्वतःच्या गोष्टी लिहून टाकतात. मीही टाकली. आठवी नापास, तरी टाकली. ग्रुप चालवणाऱ्या उत्कर्षाताईंनी कळवलं, भीती वाटते, पण गाव खोटं वाटतं.

९ फेब्रुवारी
खरं गाव पाहिजे ना? घ्या मग! जमीन बघायला कुणी आलं की नथूतात्या घराची चतुःसीमा घडाघडा म्हणून दाखवतात. इथल्या सगळ्यांनाच आपापली पाठ. तीच मी गोष्टीत जशीच्या तशी घातली. पूर्वेला ओढा, पश्चिमेला शाळेची वाट, उत्तरेला सुतारांचं शेत, दक्षिणेला बंगला. मोजणीवाला थेट लीलाबाईंच्या दारात उभा केला, त्यांच्या नावासकट. गोष्ट कुठल्या कुठं फिरली. जन्मात पहिल्यांदा कुणी मला लेखक म्हणालं.

१३ फेब्रुवारी
लीलाबाईंची खाट भिंतीला टेकली. परवापर्यंत मध्ये पेटी बसत होती. तात्या म्हणाले, म्हातारपणी खाट बी वाढती का काय. लीलाबाई म्हणाल्या, खाट न्हाई, तुमचं प्वाट वाढलंय. मीही हसलो. पण भिंत हाताला ओली लागली.

१६ फेब्रुवारी
रविवार. 'मोजणीवाला'चा नवा भाग आला. पाण्याखालच्या गावात एक अर्धंच स्वयंपाकघर काढलंय. निळा पिंप. कान तुटलेली कढई. रोज त्याच कढईतलं कालवण खातो मी. फोटो कधीच टाकला नव्हता. गोष्ट पुसली. उत्कर्षाताईंनी कळवलं, आता पुसून काय होणार, लोकांनी केव्हाच पुढं पाठवली.

१८ फेब्रुवारी
भर दुपारी साखळीचा आवाज. ओढ्याकडच्या कोपऱ्यावर तो वाकलेला, पाठमोरा. अंगातून पाणी गळतंय. तात्यांना आता पाय लांब करून झोपता येत नाही. सगळं सांगून टाकलं, हात जोडले, आजच्या आज निघा म्हणालो. लीलाबाई म्हणाल्या, मोबाइलातल्या भुताला भिऊन घर सोडू व्हय रं? ऊन लागलंय तुला, ताक पी. ताक आणायला आत गेल्या त्या आडव्या होऊन. सरळ मावत नाहीत दारात.

१९ फेब्रुवारी
लीलाबाई आत अडकल्या. दारातून नुसता हात बाहेर येतो. तात्या पहारीनं भिंत फोडतायत – पहार चिखलात जावी तशी जाते, भिंत पुन्हा मिटते. साखळी आता घरात वाजतेय.

एकच सुचतं. नवी गोष्ट. त्याला दुसरं घर द्यायचं. कुणाचं देऊ? कुणाचं देणार?

माझी खोली दिली. चारी दिशा लिहिल्या. टाकली. पिशवी भरतो आणि पळतो – पळायला मला कुणी शिकवायला नको.

दुपार
लीलाबाईंची हाक! सुटल्या त्या. म्हणतायत, भाकर निवती, दार कशापायी लावलंस. मी लावलं नाही. दार – इथंच होतं – ओरडतोय, त्यांना ऐकू जात नाही –

पुन्हा मोजतोय. दरवेळी माझ्याकडून वदवून घेतो. बोलायचं नाही म्हटलं तर हात लिहितो –

पूर्वेला भिंत. पश्चिमेला भिंत. उत्तरेला माझं डोकं. दक्षिणेला