बरोबर उत्तरावरची हरकत

प्रिय वकीलबाई,

तुझा निरोप येऊन आठवडा झाला आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तू माझ्यावर फुगली असशील. फुग. तुझ्या आईने मात्र फुगण्याची पायरी केव्हाच ओलांडली आहे. ती रोज संध्याकाळी फोन करून मला धारेवर धरते. पोरीच्या लायसन्सचं काय झालं, तू तिथे बसून अंडी उबवतोस का, असं काल विचारलं. ताईला काय सांगायचं ते मला कळेना, म्हणून मी फोन कानापासून लांब धरला आणि हो हो म्हणत राहिलो. तुला सांगतो. अजून काहीच झालेलं नाही. निकाल तयार आहे, पण साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडला आहे. तू रिअ‍ॅक्टरच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोरच्या खुर्चीत बसायचं, की खुर्चीत बसलेल्यांच्या मागे हाताची घडी घालून आणखी सहा महिने उभं राहायचं, हे त्या एका सहीवर आहे. आणि सही का अडली ते समजायचं तर तुला आमच्या खोलीत यावं लागेल.

खोली तुला आवडणार नाही. मलाही आवडत नाही, पण गेली अकरा वर्षं वर्षातून दोनदा मी तिच्यात डांबला जातो. खिडकी उघडत नाही, फोन बाहेर जमा करावे लागतात, आणि टेबलाचा एक पाय तोकडा आहे, म्हणून त्याखाली कुठल्या तरी जुन्या वर्षाचा प्रश्नसंच घडी करून घातला आहे. त्या प्रश्नसंचाने कुणाला काही आधार दिला असेल तर तो एवढाच. पेपर काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. आम्ही तिघं फक्त भांडणं मिटवणारे. परीक्षा झाली की उमेदवार हरकती घेतात, अमुक प्रश्न चुकीचा, तमुक उत्तर आमचंही बरोबर, आणि त्यांचा निवाडा आम्ही करतो. आमच्यातले एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज आहेत, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. दुसऱ्या सांख्यिकीवाल्या बाई, ज्यांना कुठल्या प्रश्नावर किती टक्के लोक घसरले ते तोंडपाठ असतं, पण रिअ‍ॅक्टर त्यांनी लांबूनच पाहिला आहे. तिसरा मी, तुझा मामा, ज्याचं म्हणणं दोघांनाही पटत नाही.

हरकती वाचून वाचून माणूस कसा होतो ते माझ्याकडे बघून कळेल. यंदा एकाने लिहिलं की प्रश्न पानाच्या मागे होता आणि मागे प्रश्न असेल अशी त्याला कल्पना नव्हती. दुसरा म्हणाला, चारही पर्याय आपापल्या जागी बरोबर आहेत. आजोबांनी विचारलं, लग्न झालंय का याचं. झालं असावं. एका प्रशिक्षकाने आपल्या सगळ्या पोरांच्या वतीने सरसकट हरकती पाठवल्या, कारण पोरं नापास झाली तर शिकवणाऱ्याचं नाक कापलं जातं आणि प्रश्न नापास झाला तर कुणाचंच नाही. हे सगळं एकाच सुरात चालतं. मला गुण द्या, आणखी द्या, हाही माझाच. त्यात वाईट काही नाही. आमचा धंदाच तो. पण अकरा वर्षं रोज त्याच नळाचं पाणी प्यायलं की तोंडाची चव जाते.

आणि मग एके दुपारी सांख्यिकीवाल्या बाईंनी एक कागद वाचायला घेतला आणि मधेच थांबल्या. नाव नव्हतं, नुसता उमेदवाराचा क्रमांक. मजकूर असा, की या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या उत्तरसूचीप्रमाणे बरोबर दिलं आहे आणि मला त्याचा गुण मिळाला आहे, पण ते उत्तर चुकीचं आहे. बाईंनी पान उलटून पाहिलं, मागे काही गंमत लिहिली आहे का म्हणून. नव्हती. आजोबा म्हणाले, हा पोरगा डोक्यावर पडलाय का, गुण नकोत का याला. बाई म्हणाल्या, माझ्या तक्त्यात असा रकानाच नाही. मिळालेल्या गुणावर हरकत घेणारं माणूस मीही जन्मात पाहिलं नव्हतं. मला, खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. जेवायची वेळ झाली होती.

प्रश्न तुला पाठ आहे, तरी एकदा मांडतो, म्हणजे माझंही डोकं जाग्यावर येईल. रिअ‍ॅक्टरला पाणी देणारा चालू पंप बंद पडला, तर ऑपरेटरने सर्वांत आधी काय करावं. सूचीतलं उत्तर, राखीव पंप हाताने सुरू करावा. कालपरवापर्यंत ते सोळा आणे खरं होतं. पण गेल्या मोठ्या दुरुस्तीत जोडणी बदलली. आता राखीव पंप आपला आपण सुरू होतो, आणि तो सुरू होण्याच्या बेतात असताना कुणी हाताने बटण दाबलं तर त्याचा स्विच अडकून बसतो. मग खालच्या स्विचरूममध्ये माणूस पळवावा लागतो. तेवढ्यात काही स्फोट होत नाही, त्या बाबतीत सिनेमावाल्यांची निराशा करावी लागते. रिअ‍ॅक्टर स्वतःहून बंद होतो. पण बंद झाला तरी त्याच्या अंगातला ताप लगेच उतरत नाही, त्याला पाणी लागतंच, आणि नेमका तेव्हाच पंप हटून बसलेला. पेपरातले बाकीचे तीन पर्याय तर याहून वाईट होते. म्हणजे प्रश्नाला बरोबर उत्तरच नव्हतं.

आम्ही केंद्रातल्या इंजिनिअरला नकाशे घेऊन बोलावलं. तो आला तेव्हा तोऱ्यात होता, असं काही नाही साहेब, पोरं काय वाट्टेल ते लिहितात. मग त्याने नकाशा पसरला, बोट फिरवत फिरवत एका जागी आणलं, आणि चष्मा काढून पुसायला लागला. बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाला, बदललंय खरं. कागद सगळीकडे गेले, पण सरावाच्या नकली कंट्रोल रूममध्ये अजून जुनीच जोडणी आहे, आणि पेपर काढणाऱ्यांसमोर जुनीच पुस्तिका. आजोबांनी विचारलं, मग याआधीच्या तुकड्यांना काय शिकवलंत. तो म्हणाला, हेच. हाच प्रश्न त्यांनाही होता, आणि हेच उत्तर देऊन ते पास होऊन आज खुर्चीत बसले आहेत. आजोबा उठले आणि उघडत नसलेल्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा जावई त्यांच्यातलाच एक.

नियम साधा आहे. प्रश्नाला बरोबर उत्तर नसेल तर प्रश्न रद्द, आणि एकूण गुणांतूनही एक कमी. ज्याचं चुकलं त्याचं यात काही जात नाही. ज्याचं बरोबर आलं त्याच्या पदरातला गुण जातो, तरी वर असलेल्याला ते जाणवतही नाही. घसरतो तो फक्त काठावरचा. आम्ही तिघांनी सह्या केल्या, प्रश्न रद्द केला, हरकत मान्य केली, आणि मग रीतीप्रमाणे नावांची पाकिटं उघडली. तेव्हा मी तुझं नाव वाचलं. सांख्यिकीवाल्या बाईंनी आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि कागद माझ्याकडे न देता आजोबांकडे दिला, त्यावरून मी काय ते समजलो. पास व्हायला ऐंशी टक्के लागतात. तुझे आधी नेमके ऐंशी होते. आता पाव टक्का कमी. सबंध तुकडीत या प्रश्नापायी नापास झालेली तू एकटी, आणि हरकत घेणारीही तू एकटी. माझी भाची परीक्षेला आहे हे मी आधीच लेखी कळवलं होतं, तेव्हा क्रमांक झाकलेले असतात, काळजी नको असं उत्तर आलं होतं. आता मात्र मला समितीतून बाजूला व्हावं लागलं. मी फाईल उचलून दिली आणि घरी आलो.

तुला आठवतं का, सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे आली होतीस आणि पत्त्यांच्या डावात मी मुद्दाम हरलो होतो. तुझ्या ते लक्षात आलं आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. डाव पुन्हा मांडायला लावलास, रीतसर हरलीस, आणि मग जेवलीस. वकीलबाई हे नाव तेव्हाचं. पुढे तू मोठी झालीस, हीच परीक्षा द्यायची म्हणालीस, आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मला विचारलंस, मामा, यात पास कसं व्हायचं. मी कांदा चिरता चिरता दिलेला सल्ला तुझ्या कामी आला, हे आता उत्तरपत्रिकेवरून दिसतं. पेपरात खरं काय ते शोधायचं नाही, काढणाऱ्याच्या मनात काय आहे ते शोधायचं. तसंच केलंस. पास होण्यापुरतं मामाचं ऐकलंस, आणि पास झाल्यावर बसून खरं लिहून पाठवलंस. हा दुसरा भाग कुणी शिकवला ते मला माहीत नाही. आमच्या घराण्यात तरी कुणी सापडत नाही.

परवा साहेबांनी बोलावलं. मामा म्हणून मला समितीबाहेर काढलं होतं, आणि मामा म्हणूनच पुन्हा आत घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला, तुझ्या आईची तब्येत विचारली. साहेब वाईट माणूस नाही, नुसता दमलेला आहे, माझ्यासारखाच. म्हणाले, केंद्रात ऑपरेटरांची बोंब आहे, मुलगी गुणी आहे, तिचं नुकसान का करायचं. तिने हरकत मागे घ्यावी, गैरसमजातून लिहिलं एवढी एक ओळ द्यावी. मग प्रश्न कायम, तिचे ऐंशी टक्के कायम, लायसन्स पंधरवड्यात घरपोच. तो प्रश्न आपण पुढच्या वर्षी गुपचूप बदलून टाकू. मी विचारलं, आणि आधीच्या तुकड्यांचं काय. साहेबांनी बशी कपाखाली नीट सरकवली. प्रश्न रद्द झाला तर सगळ्या कंट्रोल रूमना लेखी सूचना काढावी लागते, खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला बोलावून पुन्हा शिकवावं लागतं, आणि आजवर हे चुकीचं कुणी शिकवलं तेही वर सांगावं लागतं. हरकतच नसेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. तुम्ही घरचे, तुमचं ती ऐकेल, सोमवारच्या आत समजावून एक पत्र लिहा, असं म्हणाले. तेच हे पत्र. दोन दिवस मी कोरा कागद समोर ठेवून बसलो आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या मनातही आलं की लिहून टाकावं. तुला खुर्ची मिळेल, ताई फोन बंद करेल, मला झोप लागेल. पण त्या पंपाशी आजोबांचा जावई बसतो, तुझ्याबरोबरची पोरं बसतात, आणि उद्या तूही बसशील. हरकत मागे घेऊ नकोस. सहा महिने आणखी उभी राहा, उमेदवारीच्या पगारात भागव आणि पुन्हा परीक्षा दे. तेव्हा मी समितीत नसेन, कदाचित ऑफिसातही नसेन. ताईच्या शिव्या माझ्याकडे पाठव, मला सवय आहे. साहेबांना मी सोमवारी सांगेन की भाचीला समजावणारं पत्र लिहिलं आणि पाठवलं. ते अक्षरशः खरं असेल.

तुझाच,
तुझी अर्धी अक्कल चुकीची घडवलेला
मामा